गच्चीवरचा कान

पुणेकराला उंच जागा शोधायला लांब जावे लागत नाही. नैऋत्येला नजर टाकली की सिंहगड दिसतो आणि त्याच्या माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा. समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीचा तो माथा पुण्याकडे वाकून पाहत असतो. मुंबईच्या पाठीशीही सह्याद्री आहेच. बिनतारी लहरींना उंची फार प्रिय. त्यामुळे ‘अँटेना कुठे लावायची?’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याकडे डोंगरानेच देऊन ठेवलेले असते.

आता कोलकात्याला चला. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरलेला मराठी प्रवासी सकाळी फिरत फिरत पूर्वेकडे निघाला, तर थोड्याच वेळात बालीगंजला पोहोचतो. गरियाहाटचा बाजार, जुने बंगले, बंगल्यांच्या जागी उठलेल्या उंच इमारती, सारे काही तेथे पाहायला मिळेल. टेकडी मात्र औषधालाही सापडणार नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ-दहा मीटरवर वसलेले हे शहर परातीसारखे सपाट आहे. अशा गावात हौशी रेडिओवाल्यांनी आपल्या क्लबसाठी ‘रिपीटर’ नावाचे यंत्र निवडायचे कसे आणि ते जुळवायचे कसे, हा आपला आजचा विषय.

‘हे आमच्या काय कामाचे?’ असे कुणी विचारील. त्यासाठी २० मे २०२० चा दिवस आठवावा. त्या दिवशी ‘अम्फान’ हे चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळले. कोलकात्यात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला. हजारो झाडे पडली, विजेचे खांब आडवे झाले आणि शहराच्या काही भागांत कित्येक दिवस दिवे आले नाहीत. मोबाइलच्या मनोऱ्यांनाही वीज लागते. त्यांच्या बॅटऱ्या संपल्या, तारा तुटल्या, आणि खिशातला महागडा फोन केवळ घड्याळ होऊन बसला. घरातले माणूस बाहेर अडकले आहे आणि त्याची खबर लागत नाही, ही अवस्था ज्याने भोगली आहे त्याला या विषयाची किंमत वेगळी सांगायला नको.

हॅम म्हणजे कोण?

सरकारची परीक्षा देऊन, परवाना आणि सांकेतिक नाव घेऊन, पैसे मिळवण्यासाठी नव्हे तर हौस म्हणून बिनतारी संच चालवणारा माणूस म्हणजे हॅम. माजी पंतप्रधान राजीव गांधी हे असेच परवानाधारक हॅम होते. ‘व्हीयू टू आरजी’ हे त्यांचे सांकेतिक नाव.

या छंदाचे आणि बंगालचे नाते जुने आहे. १८९५च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये तारेवाचून दूरवरची घंटा वाजवून दाखवली आणि दारूची भुकटी पेटवून दाखवली. भारतातले पहिले परवानाधारक हॅम म्हणून १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव नोंदले गेले, आणि त्याच वर्षी मुकुल बोस दुसरे ठरले. पहिली दोन्ही नावे बंगाली! पुढे १९२३मध्ये मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या रेडिओ क्लबांनी काही महिन्यांच्या अंतराने कार्यक्रम प्रसारित करायला सुरुवात केली. आकाशवाणीचा जन्म व्हायचा होता त्या काळातली ही गोष्ट आहे. ‘आधी हौशी माणसे, मग सरकार’ असा आपल्याकडच्या रेडिओचा क्रम आहे.

हॅम संकटात कामाला येतात याचा अनुभव महाराष्ट्राने १९९३च्या किल्लारी भूकंपात घेतला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम आपल्या सहकाऱ्यांसह योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानातल्या लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवण्याचे काम त्यांनी केले. ते काम शॉर्टवेव्हवर झाले. या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरांवर आपटून हजारो किलोमीटर जातात. आपला आजचा विषय मात्र गावातल्या गावात, हातात मावणाऱ्या संचावर होणाऱ्या बोलण्याचा आहे. त्याच्या लहरी साधारण दोन मीटर लांबीच्या असतात. भारतात त्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा हॅम मंडळींना मिळालेला आहे.

निरोप्या यंत्र

या दोन मीटरच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर जमीनच आड येते. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला चाराने गुणा. उत्तर येते ते किलोमीटरमध्ये, आणि लहरीची पोच साधारण तेवढी. चारापेक्षा किंचित जास्त आकडा घ्यायला हवा, पण तोंडी हिशेबाला चार पुरतात.

माणसाच्या हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्याची पोच निघते पाच किलोमीटर. दोन माणसे उघड्या माळावर उभी असतील तर दोघांची पोच मिळून दहा किलोमीटर. शहरात भिंती, गर्डर आणि झाडी आड येतात. तेथे दोन-तीन किलोमीटरवरही आवाज तुटू लागतो.

यावर उपाय रिपीटरचा. उंच जागी एक यंत्र बसवायचे. ते एका वारंवारतेवर ऐकते आणि जे ऐकले ते त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर मोठ्याने पुन्हा सांगते. बालीगंजमध्ये चाळीस मीटर उंच इमारतीच्या गच्चीवर नऊ मीटरचा खांब उभारला, तर एकूण उंची ४९ मीटर, वर्गमूळ ७, म्हणजे पोच झाली अठ्ठावीस किलोमीटर. हावडा, सॉल्ट लेक, सोनारपूर, बारुईपूर हे सगळे तिच्या आत येतात. पोच दुप्पट हवी असेल तर उंची चौपट लागते. सिंहगडासारखा डोंगर आसपासच्या जमिनीपासून सातशे मीटरच्या वर उठतो, तेव्हा पोच शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. बंगालमध्ये ती मिजास नाही. म्हणून तेथे उंचीची उणीव निवडीतल्या आणि जुळणीतल्या काळजीने भरून काढावी लागते.

निवड करताना

समजा, बालीगंजमधल्या वीस-पंचवीस हॅम मंडळींनी वर्गणी काढली आहे. बहुतेक क्लबांत पहिली चर्चा होते ती ‘किती वॅटचा घ्यायचा?’ यावर. पन्नास की शंभर? खरे तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो.

विचार करा. गच्चीवरच्या रिपीटरकडे वीज आहे, मोठी अँटेना आहे. तो सहज मोठ्याने बोलू शकतो. पण पुरात अडकलेल्या माणसाच्या हातातला संच असतो फार तर पाच वॅटचा, अँटेना वीतभर आणि बॅटरी निम्मी संपलेली. त्याला रिपीटरचे बोलणे स्वच्छ ऐकू येईल, पण त्याचे क्षीण बोलणे रिपीटरला ऐकू आले नाही तर काय उपयोग? घरात एखादे माणूस स्वतः मोठमोठ्याने बोलते आणि दुसऱ्याचे काही ऐकत नाही, तशातली गत होते. रिपीटर हा आधी कान असतो, मग तोंड. पैसे कानावर खर्च करावेत.

म्हणजे कशावर? पहिला खर्च केबलचा. गच्चीवरच्या खांबापासून खालच्या खोलीपर्यंत तीस मीटर केबल लागते असे धरू. बाजारात मिळणारी बारीक, स्वस्त केबल वापरली तर तेवढ्या अंतरात चार हिश्शांतले तीन हिस्से शक्ती वाटेतच जिरते. पंचवीस वॅट सोडले तर वर पोहोचतात सहा. त्याहून वाईट म्हणजे वरून येणारा तो क्षीण आवाजही एक चतुर्थांशच खाली उतरतो. तेच अर्ध्या इंचाची चांगली जाड केबल घेतली तर ऐंशी टक्क्यांहून जास्त शक्ती शाबूत राहते. शंभर वॅटचा संच घेऊन स्वस्त केबल लावणे म्हणजे गळक्या हंड्याने पाणी भरणे.

दुसरा खर्च अँटेनाचा. ती उभी, मजबूत आणि वादळी वाऱ्यात टिकणारी हवी. कोलकात्यात चैत्र-वैशाखात ‘कालबैशाखी’ची वादळे विजांसह येतात आणि मग चार महिने पाऊस. पाणी सांध्यातून केबलमध्ये शिरले की रिपीटर हळूहळू बहिरा होतो, आणि दोष कुठे आहे हे महिनोन्महिने कळत नाही. म्हणून सांधे नीट बंद करणे, वीजप्रतिबंधक लावणे आणि खांबाची भूजोडणी पक्की करणे या गोष्टी निवडीच्या यादीत आधी लिहाव्यात.

तिसरी बाब खुद्द संचाची. तयार रिपीटर विकत मिळतो. काही क्लब मोटारीत बसवायचे दोन व्यापारी संच पाठीला पाठ लावून जोडतात. एक ऐकतो, दुसरा बोलतो. हा स्वस्त मार्ग वाईट नाही. मात्र मोटारीतला संच मिनिटभर बोलून विश्रांती घेण्यासाठी बनवलेला असतो, रिपीटरला तासन् तास बोलावे लागते. तेव्हा पन्नास वॅटचा संच वीस-पंचवीस वॅटवरच चालवावा आणि त्याच्यापुढे पंखा ठेवावा.

चौथी बाब, साधा एफएम की डिजिटल? डिजिटलचे आवाज स्वच्छ असतात, पण एका पद्धतीचा संच दुसऱ्या पद्धतीशी बोलत नाही. सभासदांकडे आज जे संच आहेत ते चालले पाहिजेत. संकटात शेजारच्या जिल्ह्यातून मदतीला आलेल्या हॅमच्या हातात काय असेल हे सांगता येत नाही. त्यामुळे साधा एफएम मार्ग तरी खुला ठेवावा.

आणि हो, परदेशातून जुना रिपीटर आणायचा मोह झाला तर पट्टा तपासून घ्यावा. अमेरिकेत हॅमचा दोन मीटरचा पट्टा १४८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, आपला १४६ला संपतो. त्यातही १४५.८च्या वरचा भाग उपग्रहांसाठी सोडायचा असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातले अंतराळवीर हॅमशी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज १४५.८ वरच येतो. रिपीटरसाठी सरकारची परवानगी लागते आणि जवळच्या रिपीटरला आपला त्रास होणार नाही अशी वारंवारतांची जोडी घ्यावी लागते.

जुळणी : तंबोरा लावावा तशी

आता खरी कसोटी. रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, तेही बहुधा एकाच अँटेनावरून. दोन वारंवारतांत अंतर असते फक्त ०.६ मेगाहर्ट्झचे. उदाहरणार्थ, १४४.६ वर ऐकायचे आणि १४५.२ वर बोलायचे. बोलण्याची शक्ती पंचवीस वॅट. ऐकायचा आवाज इतका क्षीण की त्या दोहोंचे प्रमाण मांडायचे तर तीनवर सोळा शून्ये द्यावी लागतात. मंगल कार्यालयात कानाशी सनई-चौघडा वाजत असताना रस्त्यापलीकडची कुजबुज टिपण्यासारखेच हे काम.

ते साधून देतो ‘डुप्लेक्सर’. धातूची चार किंवा सहा नळकांडी एका ओळीत उभी असतात. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी प्रत्येकाची उंची अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. निम्मी नळकांडी ऐकण्याच्या वाटेवर आणि निम्मी बोलण्याच्या वाटेवर. प्रत्येक नळकांडे एका वारंवारतेला वाट देते आणि दुसरीला अडवते. ऐकण्याच्या वाटेवरची नळकांडी आपल्याच मोठ्या आवाजाला दाराबाहेर ठेवतात. बोलण्याच्या वाटेवरची नळकांडी प्रक्षेपकातून निघणारी खरखर ऐकण्याच्या वारंवारतेवर पोहोचू देत नाहीत. हा अडसर निदान दहा कोटी पटींचा हवा.

तंबोरा लावताना आधी खुंटी पिळून सूर जवळ आणतात आणि मग मणी सरकवून तो नेमका बसवतात. डुप्लेक्सरचेही तसेच आहे. नळकांड्याच्या आत एक दांडा वर-खाली सरकतो. त्याने आधी हवी ती वारंवारता जुळवायची. मग दुसऱ्या स्क्रूने नको ती वारंवारता जास्तीत जास्त दाबायची. एक बदलले की दुसरे किंचित हलते, म्हणून पुन्हा पहिल्याकडे यायचे. एकेक नळकांडे असे लावून झाल्यावर सगळी जोडून पुन्हा एकदा पाहायचे. नळकांड्यांना जोडणाऱ्या केबलची लांबीही ठरलेली असते. ‘ही जरा लांब पडते, कापू या’ असे करून चालत नाही. शेवटी नट घट्ट आवळायचे आणि आवळताना सूर उतरला नाही ना, हे पाहायचे.

पूर्वी यासाठी प्रयोगशाळेतली महागडी यंत्रे लागत आणि क्लबची मंडळी ओळखीपाळखीने ती मिळवत. आता तळहातावर मावणारे मोजणीयंत्र काही हजार रुपयांत मिळते. ते डुप्लेक्सरचा आलेख पडद्यावर दाखवते. दहा कोटी पटींचा अडसर अचूक मोजण्याइतके ते तीक्ष्ण नसते, पण सूर जवळ आणायला पुरते. शेवटचा मणी कानानेच सरकवायचा.

ती परीक्षा अशी. एका सभासदाने दूर जाऊन अगदी कमी शक्तीवर बोलत राहायचे, इतके की आवाजात खरखर मिसळलेली असावी. रिपीटरचे बोलणे बंद ठेवून तो आवाज ऐकायचा. मग बोलणे चालू करायचे. खरखर तेवढीच राहिली तर डुप्लेक्सर जुळला. वाढली किंवा आवाज बुडाला, तर रिपीटर स्वतःच्याच बोलण्याने बहिरा होतो आहे. पुन्हा खुंट्या पिळा! या सगळ्यात डुप्लेक्सर स्वतः थोडी शक्ती खातो. पंचवीस वॅट आत गेले तर अठराच्या आसपास बाहेर येतात. ती कानाची किंमत आहे. ती आनंदाने द्यावी.

आणखी दोन छोट्या सोयी हव्यात. एक म्हणजे सूर-कुलूप. सभासदांच्या संचातून आवाजाखाली एक मंद सूर सोडला जातो आणि तो असेल तरच रिपीटर उघडतो. त्यामुळे बाहेरच्या विद्युत खरखरीने तो उगाच बडबडत नाही. दुसरी म्हणजे वेळेची मर्यादा. एखाद्याचा संच मोटारीच्या सीटमध्ये अडकून बटण दाबलेले राहिले, तर दोन-तीन मिनिटांत रिपीटर गप्प व्हावा. नाहीतर सगळ्या गावाला त्या मोटारीतली गाणी ऐकावी लागतात!

अंधारातली तयारी

वीज गेली की जे बंद पडते त्याचा संकटात उपयोग शून्य. असा रिपीटर बोलताना बारा व्होल्टवर पाच-सहा अँपिअर घेतो, नुसता ऐकताना अर्धा. तो एक तृतीयांश वेळ बोलतो असे धरले तर शंभर अँपिअर-अवरची बॅटरी, तिची निम्मी क्षमता वापरून, वीसएक तास पुरते. अम्फाननंतर काही घरांत त्याच्या कितीतरी पट काळ अंधार होता. म्हणजे दुसरी बॅटरी हवी, आणि शक्य तर गच्चीवर सौर पॅनेलही. शक्ती कमी ठेवण्याचा आणखी एक फायदा येथे कळतो. निम्म्या वॅटवर बॅटरी बरीच जास्त टिकते आणि ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो.

तांत्रिक नसलेली एक बाब तितकीच महत्त्वाची आहे. गच्चीची किल्ली कुणाकडे? वादळाच्या रात्री दोन वाजता वर जायचे झाले तर दरवाजा उघडणार कोण? सोसायटीची लेखी संमती, पहारेकऱ्याची ओळख आणि किल्लीचा दुसरा जोड यांवाचून लाखाचे यंत्रही अडून बसते. इमारतीतल्या रहिवाशांना एकदा वर बोलावून हे काय आहे ते दाखवावे. आपल्या डोक्यावर संकटातला निरोप्या बसला आहे, हे कळले की विरोध करणारेच पुढे त्याची राखण करतात.

सगळे बसले की गावभर फिरून तपासणी करायची. बालीगंजचे त्यासाठी एक भाग्य आहे. सियालदह दक्षिण विभागाच्या लोकल बालीगंज जंक्शनवरून जातात. दोघातिघांनी संच घेऊन बारुईपूरच्या लोकलमध्ये बसायचे आणि प्रत्येक स्थानकावरून बोलायचे. वरच्याने पाचपैकी किती स्पष्ट ऐकू आले ते वहीत लिहायचे. उंच इमारतींच्या आड काही जागा बहिऱ्या निघतात. बऱ्याचदा एक-दोन पावले सरकले की तेथेच आवाज उमटतो. अशा जागा नकाशावर आधीच खुणावून ठेवल्या तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

शेवटी माणूस

दर मकरसंक्रांतीला गंगासागरच्या यात्रेत लाखोंची गर्दी लोटते. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली म्हातारी माणसे त्यात चुकतात. कुणाला गावाचे नाव नीट सांगता येत नाही, कुणाची भाषा कुणाला कळत नाही. वेस्ट बंगाल रेडिओ क्लबची हॅम मंडळी अशा माणसांजवळ बसतात, त्यांच्या बोलीवरून मुलुखाचा अंदाज घेतात आणि त्या भागातल्या हॅमना हाक देऊन घरच्यांचा माग काढतात. अशा रीतीने कितीतरी हरवलेली माणसे आपापल्या घरी पोहोचली आहेत. त्या कामात यंत्रे लागतातच. पण आधी कुणीतरी त्या म्हातारीचे अर्धवट, तुटक बोलणे धीराने ऐकून घ्यावे लागते.

ज्यांच्या घरात बारा वर्षांवरील उत्साही मुले-मुली आहेत, त्यांनी आपल्या गावातल्या हॅम क्लबची चौकशी जरूर करावी. केंद्र सरकारची परीक्षा थोड्या अभ्यासाने पास होण्यासारखी आहे. बाजारात मिळणारा स्वस्त हँडसेट परवान्यावाचून चालवणे मात्र बेकायदा आहे, हे मुलांना आधीच सांगावे. क्लबमध्ये गेल्यावर पहिल्या दिवशी त्यांना बोलायला कुणी देणार नाही. वारंवारतेवर दुसरे कुणी आहे का, हे थांबून ऐकायचे आणि मगच बटण दाबायचे, हा तेथला पहिला धडा.